सहा दिवस थांबलेली बाटली

लोखंडाचं पाणी जमिनीत सोडायला सुरुवात झाली त्या आठवड्यात भिंगरीचे पायमोजे काळे होऊन घरी आले. वाळल्यावर ते तांबूस झाले. साबण झाला, सोडा झाला, गरम पाणी झालं, डाग काही हलला नाही. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, तीन वर्षांची. एका जागी उभी राहत नाही म्हणून तिच्या आजीने हे नाव ठेवलं, आणि खरं नाव आता फक्त लसीच्या कार्डावर उरलंय.

ती दिवसभर मावशींच्या पाळणाघरात असते. दोन खोल्या, पुढे फरशीचं अंगण, मागे मातीचं. मागच्या अंगणाला भिंत आणि भिंतीपलीकडे बंद पडलेला कारखाना. तिथे पूर्वी यंत्रांचे सुटे भाग बनायचे. भागांवरचं तेल एका उग्र वासाच्या द्रवाने धुवायचे आणि वापरून झालेला द्रव मागच्या खड्ड्यात ओतायचे. वीस वर्षं ओतला. कारखाना गेला, मालक गेला, ओतलेलं मात्र कुठे गेलं नाही. ते खाली उतरलं आणि पाण्यात जाऊन बसलं. दोन वर्षांपूर्वी पाळणाघराच्या बोअरच्या पाण्यात ते सापडलं, तेव्हा वस्तीच्या समितीने नळाला कुलूप घातलं. तेव्हापासून मावशी कोपऱ्यावर येणाऱ्या टँकरवरून वीस लिटरचे कॅन ढकलगाडीने आणत होत्या. दिवसाला चार. गुडघे आधीच कुरकुरणारे, त्यात ही भर. पण अकरा मुलं म्हटल्यावर पाणी लागणारच.

हे पाणी तपासायला येतं ते मी काम करते त्याच लॅबमध्ये. मी रसायनशास्त्र शिकले, भिंगरी झाल्यावर दोन वर्षं घरी बसले आणि मग अर्धवेळ परत लागले. नमुने उतरवून घ्यायचे, रजिस्टरमध्ये नोंदवायचे, मशीनवर लावायचे आणि अहवालाचा कच्चा मसुदा करायचा, हे माझं काम. सही मोठ्या मॅडमची.

जमीन साफ करायचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिच्या इंजिनिअरचं नाव वस्तीने पहिल्याच दिवशी लोहार ठेवलं. पन्नाशीचा, बुटका, पँटच्या खिशात कायम पाना. त्याच्या टाकीत शाईसारखं काळं पाणी होतं. त्यात लोखंडाची पूड होती, पण इतकी बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारभर कण शेजारी शेजारी बसतील. कारखान्याच्या जागेत बारा भोकं पाडून ते काळं पाणी पंपाने दाबून खाली घालायचं. लोखंड त्या विषाला धरतं, तोडतं, आणि स्वतः गंजून माती होतं. लोहाराने पाळणाघराच्या अंगणात सगळ्या आईबापांना हे छान समजावून सांगितलं. कोणीतरी विचारलं, की हे लोखंडच पोटात गेलं तर? तो म्हणाला, लोखंडच ते, अंगात कमी झालं की डॉक्टर त्याच्याच गोळ्या देतात. सगळे हसले. मीही हसले.

घरी येताना मात्र मनात पाल चुकचुकली. खडीसाखर आणि पिठीसाखर ही एकच साखर, पण पिठीवर फुंकर मारली तर ती डोळ्यात जाते. वस्तू तीच राहिली तरी इतकी बारीक केल्यावर ती कुठे कुठे शिरेल हे कोणी सांगावं? दुसऱ्या दिवशी मी लोहाराला गाठून हे विचारलं. त्याने माझी टिंगल केली नाही. म्हणाला, ताई, कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात, चार-सहा पावलांपलीकडे जात नाहीत. त्यावर अभ्यास झालेत. तो खोटं बोलत नव्हता. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं तो सांगत होता.

पण जमिनीला अभ्यास ठाऊक नसतो. पंपाचा दाब जास्त झाला आणि भिंतीच्या पायाशी एक जुनी चीर होती तिच्यातून काळं पाणी पाळणाघराच्या मागच्या अंगणात वर आलं. मोजे काळे झाले ते तेव्हा. दोन दिवसांनी त्याच जागी गांडुळं वर येऊन पडली. लांबट, फिकट, मेलेली, चाळीस तरी असतील. मावशींनी झाडू घेतला, सुपलीत भरली आणि म्हणाल्या, "यांना गोळ्या जरा जास्त झाल्या वाटतं." लोहार तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली, चिरेत सिमेंट भरून घेतलं, मागच्या अंगणाला दोरी बांधली आणि मुलांना तिकडे जायची बंदी झाली.

आता माझी गोष्ट. ती मला नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

असलं पाणी तपासायला बोटाएवढ्या काचेच्या बाटल्यांत घेतात. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. कारण हा द्रव उडून जाणारा. बुडबुड्याची जागा मिळाली तर तो पाण्यातून निघून तिथे जाऊन बसतो आणि मोजणी चुकते. शिवाय बाटलीत आधीच दोन थेंब अॅसिड टाकलेलं असतं, म्हणजे पाणी लॅबपर्यंत येईस्तोवर त्यात काही घडामोड होत नाही. ही वर्षानुवर्षांची रीत. पण लोखंड जमिनीत गेल्यापासून नमुने घेणाऱ्यांची तक्रार यायला लागली, की अॅसिडच्या बाटलीत हे पाणी भरलं की ते सोड्यासारखं फसफसतं, बुडबुडा राहतोच, काय करायचं. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघत होते. मी नियमांचं पुस्तक उघडलं आणि दाखवलं, की अॅसिड न घालताही नमुना चालतो, फक्त फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सात दिवसांच्या आत तपासायचा. मोठ्या मॅडम म्हणाल्या, हुशार आहेस. दोन वर्षं घरी दूध-औषधांच्या वेळा सांभाळून आलेल्या बाईला कोणी हुशार म्हटलं की काय होतं ते त्या बाईलाच ठाऊक. मी त्या संध्याकाळी भिंगरीला खांद्यावर बसवून घरी आणलं.

लोखंड घातल्यानंतरच्या पहिल्या फेरीत विष निम्म्यावर आलं. पुढे वर्षभरात आणखी कमी. मग एका फेरीत पाळणाघराच्या बोअरसमोर मी लिहिलं, "आढळले नाही". लागोपाठ दोन फेऱ्यांत असं आलं की नळ उघडायचा, असा समितीचा ठराव होता. त्या फेरीच्या वेळी मशीन दुरुस्तीला होतं, म्हणून बाटल्या फ्रिजमध्ये पाच दिवस थांबल्या होत्या. पुढच्या फेरीला भिंगरीला ताप आला, एकशे तीनपर्यंत गेला, मी रजेवर होते आणि बाटल्या सहा दिवस थांबल्या. सातव्या दिवशी सकाळी मी कामावर गेले आणि आल्या आल्या त्याच लावल्या. मुदतीच्या आत. पुन्हा "आढळले नाही".

मावशींना समितीचं पत्र मिळालं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून डब्यावर ठेवलं आणि भिंगरीला घ्यायला गेले तेव्हा मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, कागदाचं मला सांगू नकोस, कागद त्या कारखान्यावाल्याकडेही होते. तू सांग.

"तू तुझ्या पोरीला हे पाणी पाजशील?"

मी म्हटलं, "पाजेन." आणि नळाखाली पेला धरून आधी स्वतः प्यायले. पाणी थंड होतं, टँकरच्या पाण्याला येतो तसा प्लास्टिकचा वास नव्हता. मावशींनी माझ्या हातातून पेला घेतला, उरलेलं त्या प्यायल्या आणि ढकलगाडी भिंतीला उलटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठा टब भरून मुलांना त्यात डुंबू दिलं. मुलं ओली, मावशी ओल्या, अंगण ओलं. भिंगरीला टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, दोन वर्षांनी आज माझे गुडघे माझ्याशी बोलले.

त्यानंतर आठव्या दिवशी मी लॅबचा फ्रिज आवरायला घेतला.

प्रत्येक जागेच्या पाण्याच्या दोन बाटल्या येतात, एक तपासायची आणि दुसरी राखीव. अहवाल गेला की राखीव बाटल्या टाकून द्यायच्या. मी ट्रे बाहेर काढला आणि पाळणाघराची राखीव बाटली उचलली. झाकणाखाली वाटाण्याएवढा बुडबुडा होता.

तशी मी घाबरटच आहे. घरातून निघताना गॅस तीनदा बघते, भिंगरी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरते. त्यामुळे पहिल्यांदा वाटलं, की उतरवून घेताना मीच नीट बघितलं नसणार. रजिस्टर काढलं. माझंच अक्षर: बुडबुडा नाही. समोर बरोबरची खूण. बाटली उलटी करून झाकण पाहिलं, घट्ट होतं. मग उजेडात धरली. तळाशी काजळीच्या रेघेसारखी काळी ओळ बसलेली, आणि मी बघत असतानाच त्या ओळीतून टाचणीच्या टोकाएवढा एक कण सुटला आणि वर गेला. कण कसला, हवाच ती.

लोखंड आणि पाणी बरोबर राहिले की त्यातून वायू सुटतो. हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकले होते. म्हणजे बाटलीतलं लोखंड अजून काम करत होतं. आज करत होतं तर काल करत होतं, अहवालाच्या आधीचे सहा दिवसही करत होतं. फ्रिजच्या थंडीत सावकाश, पण करत होतं. जमिनीखाली त्या विषाचं काय झालं हे आम्हाला कळलंच नव्हतं. बाटलीत मात्र लोखंड आणि विष यांना आम्ही सहा दिवस एकत्र कोंडून ठेवलं होतं, आणि सगळं संपल्यावर दार उघडून लिहिलं होतं, की आत कोणी नाही. अॅसिडची रीत मोडली नसती तर नमुना फसफसला असता, आम्ही वैतागलो असतो, कोणीतरी डोकं खाजवून नवी रीत काढली असती. पण अशी गप्प बसणारी चूक झाली नसती. आणि ती रीत मोडायला पुस्तकातलं पान मी काढून दिलं होतं.

मी खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. आठ दिवस. दिवसाला किती पेले? तिच्या दुधात, तिच्या तांदळाच्या पेजेत, टबात डुंबताना तोंडात गेलेलं ते वेगळंच.

पाच वाजता भिंगरीला आणायला गेले तेव्हा पर्समध्ये नव्या बाटल्या घेतल्या. मुलं एकेक करून घरी निघाली होती. मी नळ थोडा वेळ वाहू दिला आणि दोन बाटल्या भरल्या. मावशींनी विचारलं, हे काय आणि आता? मी म्हटलं, नेहमीचंच. मी त्यांच्याशी खोटं बोलले. खात्री झाल्याशिवाय घबराट नको, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायची हिंमत नव्हती.

लॅब तिथून दहा मिनिटांवर आहे. मोठ्या मॅडम अजून होत्या. मी त्यांना राखीव बाटली दाखवली आणि मनात काय आहे ते सांगितलं. त्यांनी उठून मशीन स्वतः सुरू केलं. पाणी भरल्याला अर्धा तासही झाला नव्हता. भिंगरी मॅडमच्या फिरत्या खुर्चीवर बसून गरगर फिरत होती आणि आम्ही दोघी पडद्यावर रेघ पुढे सरकताना बघत होतो. रेघ सपाट चालली, चालली, आणि जिथे वर जायला नको होतं तिथे वर गेली. एक्केचाळीस. मर्यादा पाचची. त्याच्या आधी आणखी एक छोटं टोक होतं. मॅडमनी त्याच्यावर बोट ठेवलं. विष पूर्ण तुटलं नाही तर मधेच त्याचा एक तुकडा उरतो, आणि तो मूळ विषापेक्षा वाईट असतो. आमच्या कोणत्याच अहवालात तो कधी दिसला नव्हता. सहा दिवसांत लोखंडाने तोही संपवला होता.

मॅडमनी लोहाराला बोलावून घेतलं. तो कारखान्याच्या जागेतच होता, हात पुसत आला. आधी म्हणाला, बूच ढिलं राहिलं असेल, होतं असं. मग बाटली बघितली. मग म्हणाला, लोखंड अजून जिवंत आहे म्हणजे चांगलंच आहे की, काम चालू आहे. मी म्हटलं, काम बाटलीतही चालू आहे. भिंगरीची खुर्ची करकरत होती. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, ते मला त्याच्या हातांवरून कळलं. पुसता पुसता ते थांबले.

"म्हणजे वर्षभर मी बाटल्या साफ करत होतो," तो म्हणाला.

त्याने आज भरलेली दुसरी बाटली राखून ठेवायला सांगितली. सहा दिवसांनी तीही लावा, म्हणाला, म्हणजे वरिष्ठांना दाखवता येईल. तेवढं बोलून तो गेला. त्याचा राग यावा असं वाटत होतं, पण येईना.

मॅडम म्हणाल्या, उद्या सकाळी समितीला पत्र जाईल, समितीकडून कंपनीला, मग पाळणाघराला, तीन-चार दिवस धरून चाल. मी विचारलं, तोपर्यंत? त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या अहवालाखाली सही त्यांची होती, हे आम्ही दोघीही विसरलो नव्हतो. नोकरीला लागताना त्यांनीच मला सांगितलं होतं, की लॅबची माणसं अहवाल बोलतात, तोंडाने बोलत नाहीत.

"तोपर्यंत कोणी कोणाला काय सांगितलं ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि उद्या तू उशिरा आलीस तरी चालेल."

मावशींना फोन लावला. उचलला गेला नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना फोन पाळणाघरातच विसरतात. त्या कुठे राहतात ते मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, याची लाज वाटली.

नवऱ्याला मी जेवायच्या आधी सांगितलं. तो छापखान्यात आहे, मोठ्या पुस्तकांच्या बांधणीत. आधी त्याने भिंगरीला जवळ घेतलं, तिचे डोळे बघितले, जीभ बघितली, जणू तिथे काही लिहिलेलं असणार होतं. मग म्हणाला, आमच्याकडे चूक झाली की शुद्धिपत्र छापतो आणि आत चिकटवतो, कोणी लेखकाला दारोदार पाठवत नाही. पत्र जाऊ दे. उद्या भिंगरीला घरी ठेव, मी रजा घेतो. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर सगळं तुझ्यावर शेकेल. बाकीचे हात झटकून मोकळे होतील आणि ती लॅबवाली तेवढी लोकांच्या लक्षात राहील.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपली मुलगी घरी ठेवायची आणि बाकीच्या दहांसाठी पत्राची वाट बघायची, एवढंच फक्त त्यात होतं. मी त्याला तसं म्हटलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मी तसं म्हणालो नाही." मग मान वर करून, "म्हणालो तसंच, नाही का?"

सकाळी सात वाजता मी पाळणाघराच्या पायरीवर होते. भिंगरी माझ्याबरोबर होती, कारण तिला घरी ठेवून तिथे उभं राहणं मला जमलं नसतं. मावशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत आल्या, मला बघून हसल्या, म्हणाल्या, आज सूर्य कुठून उगवला? मी सांगितलं. दारातच, कुलूप उघडायच्या आधी. काहीही राखलं नाही, अॅसिडचं, सहा दिवसांचं, एक्केचाळीसचं, आणि कालच्या "नेहमीचंच"चंही.

मावशी ऐकत होत्या. त्यांनी एकदाच मधे विचारलं, की उकळलं तर चालतं का? मी म्हटलं, नाही, ते वाफेबरोबर घरभर होईल. मग त्यांनी दार उघडलं, आत जाऊन पेजेचं पातेलं चुलीवरून उतरवलं. तांदूळ रात्रीच भिजवून ठेवलेले होते. ते पातेलं तसंच मोरीत ओतलं. पाणी वाहून गेलं, तांदूळ जाळीवर राहिले.

"मी तुला विचारलं होतं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "कागदाला नव्हतं विचारलं."

मी हो म्हटलं. त्या वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो मला बरा वाटला. त्या म्हणाल्या, आता पळू नकोस, येतील त्या सगळ्यांना तूच सांग. मी कॅनची गाडी बाहेर काढते.

साडेसातपासून आईबाप यायला लागले. मी दारात उभी राहून प्रत्येकाला तेच सांगत होते. पहिल्या बाईंनी ऐकून घेतलं, मुलीला उचललं आणि परत गेल्या. एका बापाने मला विचारलं, तुम्ही शिकलेल्या ना? दुसऱ्याने लोहाराला शिव्या घातल्या. मी म्हटलं, बाटल्यांचं काम माझं होतं. तेव्हा तो थबकला, कारण शिव्या द्यायला समोर बाई असेल असं त्याला वाटलं नव्हतं. जुळ्यांच्या आजोबांना नीट ऐकू येत नाही, त्यांना मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं आणि रस्त्यावरच्या दोघांनी वळून बघितलं. सगळ्यांचा प्रश्न शेवटी एकच: काही होईल का? मी जे वाचलं होतं ते सांगत होते, की धोका वर्षानुवर्षं पिण्याचा असतो, आठ दिवसांनी बहुधा काही होत नाही. "बहुधा" हा शब्द मी अहवालात कधी वापरलेला नाही. तिथे तो चालत नाही. त्या सकाळी तो मी इतक्या वेळा उच्चारला की त्याची चव तोंडात बसली.

सगळ्यांत शेवटी आली ती सगळ्यांत लहान बाळाची आई. बाळ पाच महिन्यांचं. त्याचं दूध पावडरीचं, आणि पावडर कालवायची ती याच नळाच्या पाण्यात. ती माझ्याहूनही लहान असेल, कामावरचा गणवेश घातलेला, बसची वेळ झालेली. मी सांगत असताना ती बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. संपल्यावर म्हणाली, "तुमची पण प्यायली?"

मी म्हटलं, "हो. मीच पाजलं."

ती पायरीवर बसली. बस येऊन गेली तरी उठली नाही. मीही शेजारी बसले. आत भिंगरी ठोकळ्यांवर ठोकळे चढवत होती, मावशी रिकामे कॅन गाडीवर टाकत होत्या. मग ती म्हणाली, की डॉक्टरांकडे गेले तर सांगू काय? ते विचारतील काय होतं पाण्यात, मला नाव पण म्हणता येत नाही.

मी पर्समधून लॅबची वही काढली. पान फाडलं आणि त्यावर लिहिलं. विषाचं नाव, त्याच्या तुटलेल्या तुकड्याचं नाव, लोखंडाची बारीक पूड. काल संध्याकाळचे आकडे. किती दिवस, कोणत्या तारखेपासून. खाली ओळ ओढली, जशी अहवालात ओढतो. तिथे सहीची जागा असते. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला आणि तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, चार घड्या घालून बाळाच्या लसीच्या कार्डात ठेवलं आणि विचारलं, डॉक्टरांनी फोन केला तर तुम्ही उचलाल?

मी म्हटलं, उचलेन.

जुळ्यांचे आजोबा अजून फाटकातच उभे होते. त्यांना बोलणं ऐकू आलं नसेल, पण कागद दिसला होता. ते काठी टेकत परत आले आणि हात पुढे केला. त्यांच्या मागे तो शिव्या देणारा बाप. जे निघून गेले होते त्यांच्यासाठी मावशी म्हणाल्या, लिहून ठेव, संध्याकाळी मी देईन. मी पायरीवर बसून लिहीत राहिले. प्रत्येक कागदावर तेच, तेवढंच, न गाळता. मुलं अकरा होती, पण जुळ्यांचं घर एकच, त्यामुळे कागद दहा झाले. दहावा आमच्या डॉक्टरांसाठी.